बंदुका खाली ठेवल्यानंतर : संघर्षाच्या भूमीत पोलीसदल कसे घडते?

ऑक्टोबर २०२५ च्या मध्यास गडचिरोलीत एक महत्त्वाची घटना घडली. माओवादी पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक असलेले मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांची पत्नी तारक्का हिनेही गडचिरोलीतच आत्मसमर्पण केले होते. १९८० च्या सुमारास गोदावरी व प्राणहिता ओलांडून आलेल्या सशस्त्र तुकड्यांनी सुरू झालेला एक दीर्घ आणि रक्तरंजित अध्याय संपत आल्याची चिन्हे त्यातून दिसली. वृत्तपत्रांनी या घटनेचे वर्णन विजय म्हणून केले, आणि इतक्या वर्षांच्या बलिदानानंतर ते स्वाभाविकही होते.

परंतु विजयानंतर जो प्रश्न उभा राहतो त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. लढाई जिंकणारे दल आणि गावाला न्याय देणारे दल, ही दोन्ही एकच असतात काय? जंगलात चकमक लढण्यास शिकलेला शिपाई उद्या ठाण्याच्या टेबलाशी बसून एखाद्या विधवेच्या शेताच्या बांधाची तक्रार तितक्याच दक्षतेने लिहून घेईल काय? जगात जेथे जेथे यादवीने देश पोखरले गेले, तेथे तेथे हा प्रश्न विचारला गेला आहे. त्याचे उत्तर चुकले तेथे शांतता टिकली नाही, असा अनुभव आहे. आणि तो प्रश्न आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यालाही लागू आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

आपल्याच डोंगरांतील जुना धडा

१८१८ मध्ये पेशवाई संपली. गडकिल्ल्यांवरील शिबंदी मोडली आणि डोंगरवाटांची राखण करून पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारे कोळी, भिल्ल व रामोशी एकाएकी निरुपयोगी ठरले. ज्यांच्याकडे कालपर्यंत बंदोबस्ताचे काम होते, त्यांनाच नव्या राजवटीने गुन्हेगार म्हणून पाहण्यास प्रारंभ केला. अकोले, जुन्नर व नाशिकच्या डोंगरांत त्यानंतर तीन दशके उठाव होत राहिले. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्यास फाशी देण्यात आली, तरी असंतोष शमला नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग १८५७ चा आहे. सिन्नर व संगमनेर यांच्या दरम्यान असलेल्या नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखालील भिल्लांशी झालेल्या चकमकीत नगरचे पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री ठार झाले. भागोजी नाईक कोण होते? ते नगर पोलिसांतीलच एक माजी अधिकारी होते. १८५५ मध्ये दंगल व पोलिसांना अडथळा केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. सुटकेनंतरही चांगल्या वर्तणुकीची हमी मागण्यात आली. म्हणजे पोलीसदलाने ज्याला शस्त्र व कवायत शिकविली, तोच मनुष्य अपमानित होऊन समोर उभा राहिला.

सरकारने त्यावर काढलेला तोडगाही अभ्यासण्यासारखा आहे. हेन्री यांच्यानंतर आलेले कॅप्टन नटाल यांनी डिसेंबर १८५७ मध्ये भिल्लांचे जुने प्रतिस्पर्धी मानले जाणारे कोळी भरती करून स्वतंत्र 'कोळी पलटण' उभारली. तिची संख्या सहाशेपर्यंत गेली. डोंगरांची खडान्‌खडा माहिती असलेल्या या जवानांनी सरकारचे काम चोख बजावले. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यात मिठसागर येथे भागोजी मारले गेले आणि १८६१ मध्ये पलटण विसर्जित झाली. बहुतेक जवान पुन्हा नांगराकडे वळले.

हाती काय उरले? बंड मोडले, परंतु ज्या कारणांनी ते पेटले ती कारणे जागच्या जागी राहिली. शिवाय एका समाजाला दुसऱ्या समाजावर सोडण्याची रीत रूढ झाली. याच्या उलट उदाहरण शेजारच्या खानदेशातील आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम यांनी तेथे भिल्लांविरुद्ध भिल्लांचे प्रतिस्पर्धी न आणता भिल्लांनाच भरती करून 'भिल्ल पलटण' उभारली. राज्य परक्यांचे होते, हेतूही परक्यांचा होता. तथापि ज्या समाजावर अंमल करावयाचा त्याच समाजातील माणसे अंमलदार असावीत, हे तत्त्व तेथे सिद्ध झाले. स्थानिक भरतीचे हे दोन मार्ग आजही जगभर वापरले जातात आणि त्यांचे परिणामही तितकेच वेगळे असतात.

गडचिरोलीचा अनुभव

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. आरंभी तेथील नेमणूक ही शिक्षा मानली जाई. बाहेरून आलेल्या शिपायाला गोंडी वा माडिया समजत नसे, आणि गावकऱ्याला त्याची मराठी. भाषा न कळणाऱ्या पोलिसाला गावात दोनच प्रकारची माणसे दिसतात, खबरी आणि संशयित. या भीतीतून मारहाण होते आणि मारहाणीतून माओवाद्यांना नवे कार्यकर्ते मिळतात.

१९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचे 'सी-६०' हे पथक स्थापन केले, तेव्हा त्यात स्थानिक तरुणांवर भर दिला गेला तो यासाठीच. पुढे या पथकाचा विस्तार झाला आणि माओवाद्यांविरुद्धच्या लढाईत तेच सर्वांत परिणामकारक ठरले. पण त्याची किंमतही मोठी होती. २००९ या एका वर्षात मरकेगाव येथे १५, हत्तीगोटा येथे १६ आणि लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान व त्यांच्या वाहनाचा चालक यांचा अंत झाला. ही मुले दूरच्या कुठल्या प्रदेशातली नव्हती. माओवाद्यांच्या रांगेत उभा असलेला तरुण आणि पोलिसांच्या रांगेतला तरुण, हे पुष्कळदा एकाच तालुक्यातले, एकाच बोलीतले असत. दोन्ही बाजूंचे शोकगीत एकाच भाषेत गायिले गेले. आणि मधल्या मध्ये 'खबरी' ठरवून माओवाद्यांनी ज्यांचे प्राण घेतले, ते गावकरीही त्यांचेच नातलग होते.

स्थानिक शिपाई प्रभावी ठरतो हे यातून दिसते. परंतु प्रभावी आणि उत्तरदायी हे दोन शब्द समानार्थी नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरातील चकमकीत व पाठोपाठच्या कारवाईत चाळीस माओवादी ठार झाल्याचे पोलिसांनी सांगितले. मानवी हक्क कार्यकर्त्यांच्या पथकांनी तिच्याविषयी गंभीर प्रश्न उपस्थित केले. अशा प्रश्नांना देशद्रोह म्हणून झटकून टाकण्याची सवय युद्धकाळात लागते. पोलीस व सैन्य यांतील मूळ भेदच येथे आहे. सैनिकासमोर शत्रू असतो. पोलिसासमोर कायम नागरिक असतो, मग तो आरोपी का असेना.

गेल्या काही वर्षांत गडचिरोली पोलिसांनी 'दादालोरा खिडकी' हा उपक्रम चालविला आहे. दुर्गम ठाण्यांमधून जातीचे दाखले, योजनांचे अर्ज, नोकरीविषयक माहिती दिली जाते. वांगेतुरीसारख्या छत्तीसगडच्या सीमेजवळील गावात नोव्हेंबर २०२३ मध्ये अवघ्या एका दिवसात पोलीस केंद्र उभारल्याचे सांगण्यात आले. जेथे कधी शासनाचे पाऊल पडले नव्हते तेथे ते पडले, याचे स्वागतच केले पाहिजे. तरीही एक प्रश्न उरतो. दाखला देणे हे तहसीलदाराचे काम आहे, औषध देणे आरोग्यसेवकाचे आणि अक्षरे शिकविणे गुरुजींचे. ही सर्व कामे खाकी गणवेशातून होऊ लागली, तर गावकऱ्याच्या दृष्टीने शासन म्हणजे बंदूकधारी माणूस एवढेच समीकरण उरते. ही खिडकी तात्पुरती असावी. ती कायमची झाली तर ते मुलकी प्रशासनाचे अपयश ठरेल.

आणखी एक गोष्ट. पोलीस कायद्याची अंमलबजावणी करतात, म्हणून कायदाच अन्यायकारक असेल तर उत्तम पोलीसही अन्यायाचे हत्यार बनतात. पिढ्यान्‌पिढ्या बांबू तोडणारा आदिवासी कायद्याच्या दृष्टीने चोर होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने चित्र पालटले. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवानाही गावाच्या हाती आला. त्या दिवशी कायदा गावाच्या बाजूला आला आणि मेंढ्यापुरते तरी बांबू तोडणाऱ्याला पकडण्याचे कारणच उरले नाही. शांतता प्रस्थापित करणाऱ्या गोष्टींमध्ये असे कागद पुष्कळदा बंदुकांहून बलवान ठरतात.

शेजारचा इशारा आणि जगाचे अनुभव

स्थानिक भरतीचा दुसरा, घातक मार्ग छत्तीसगडने अनुसरला. २००५ पासून 'सलवा जुडूम' या नावाने आदिवासींनाच आदिवासींविरुद्ध उभे करण्यात आले. जेमतेम शिकलेल्या तरुणांना अल्प मानधनावर 'विशेष पोलीस अधिकारी' नेमून, तुटपुंजे प्रशिक्षण देऊन बंदुका सोपविण्यात आल्या. गावे जळाली, हजारो कुटुंबे छावण्यांत वा परराज्यांत गेली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. ज्यांना पुरते शिक्षण वा प्रशिक्षण दिलेले नाही त्यांना मरणाच्या तोंडी देणे हा त्या तरुणांच्याच जीविताच्या व समतेच्या हक्काचा भंग आहे. पोलिसांनाही हक्क असतात, ही गोष्ट या निकालाने अधोरेखित केली.

अफगाणिस्तानचे उदाहरण अधिक विदारक आहे. २००२ नंतर जर्मनी, अमेरिका व इतर राष्ट्रांनी तेथील पोलीसदलावर अपार पैसा ओतला. पण पोलिसांना तपास शिकविण्याऐवजी नाक्यांवर लढण्यास उभे केले गेले. पगार वरिष्ठांच्या हातून येई आणि वाटेत गळे. २००९ मध्ये काही पोलिसांचा पगार प्रायोगिक स्वरूपात थेट मोबाइलवर जमा केला, तेव्हा त्यांना पगारवाढ झाली असे वाटले. वस्तुतः त्यांना प्रथमच पूर्ण पगार मिळाला होता. ज्या शिपायाचा पगार त्याचा साहेबच खातो, तो शिपाई रस्त्यावरील ट्रकचालकाकडे हात पसरणार हे उघड आहे. कागदावर हजारो पोलीस असे होते, जे प्रत्यक्षात नव्हतेच. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा हे सारे दल पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. इराकमध्ये २०१४ साली मोसुल शहरात हेच दिसले होते. ज्या दलाला लोक आपले मानत नाहीत, ते दल लोकांसाठी मरण पत्करीत नाही.

याच्या उलट उत्तर आयर्लंडकडे पाहावे. आपल्याला त्या प्रदेशाशी एक विशेष नातेही आहे, कारण इंग्रजांनी हिंदुस्थानात आणलेल्या पोलीसव्यवस्थेचा साचाच मुळी आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा होता. जनतेची सेवा करण्यापेक्षा जनतेवर वचक ठेवणे, हा त्या साच्याचा हेतू. उत्तर आयर्लंडच्या लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून अधिक कॅथोलिक असताना जुन्या पोलीसदलात त्यांचे प्रमाण सुमारे आठ टक्के होते. १९९८ च्या शांतता करारानंतर क्रिस पॅटन यांच्या आयोगाने १९९९ मध्ये १७५ शिफारशी केल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये नाव, बिल्ला व शपथ बदलून नवे दल सुरू झाले. भरतीत निम्म्या जागा कॅथोलिकांना व निम्म्या इतरांना, असा नियम दहा वर्षे चालला आणि कॅथोलिकांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. तक्रारींची चौकशी करण्यासाठी पोलिसांपासून स्वतंत्र असा लोकपाल नेमला गेला. दलावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात राजकीय पक्षांना स्थान मिळाले.

हे सहज घडले नाही. २०११ मध्ये ओमा शहरात एका तरुण कॅथोलिक शिपायाला बॉम्बने ठार करण्यात आले. त्याचा गुन्हा एवढाच, की तो पोलिसांत गेला. त्याच्या अंत्ययात्रेत त्याची शवपेटी पोलिसांनी आणि आयरिश क्रीडासंघाच्या सदस्यांनी मिळून वाहिली. २००१ पर्यंत त्याच क्रीडासंघाने पोलिसांना सदस्यत्व नाकारले होते. पोलीसदल आपले झाले ते असे : शासनाने दार उघडले, आणि समाजाने जोखीम पत्करून आपली मुले आत पाठविली.

आपल्या जिल्ह्याचा आरसा

अहिल्यानगर जिल्ह्यात यादवी नाही. परंतु संघर्ष नाही असे म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये. जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यात सोनईजवळ तीन तरुणांची आंतरजातीय प्रेमप्रकरणावरून निर्घृण हत्या झाली. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या दलित शाळकरी मुलाला ठार करण्यात आले. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीच्या शाळकरी मुलीवरील अत्याचार व हत्येने अवघा महाराष्ट्र हादरला. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात, मतमाउलीच्या यात्रेसाठी आपण सारे ज्या भूमीवर गुडघे टेकतो त्या हरेगावात, चोरीच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण करण्यात आली. यात्रेला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते.

या प्रकरणांतील दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात २३ तारखेला खर्डा प्रकरणातील सर्व आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. सहा दिवसांनी, २९ तारखेस, कोपर्डी प्रकरणातील तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. कोपर्डीच्या मुलीला मिळालेल्या न्यायाविषयी कोणाच्याही मनात किंतु असू नये. तो न्यायच होता. प्रश्न एवढाच आहे, की एका खटल्यात साक्षी टिकल्या आणि दुसऱ्यात त्या का विरघळल्या? जिल्हा एकच, न्यायालयही एकच. मग फरक कोठे पडला?

फरक साक्षीदाराच्या घराच्या पत्त्यात असतो. ज्याच्या शेतात आपण मजुरीला जातो, ज्याच्या विहिरीचे पाणी पितो, ज्याच्या दुकानी आपली उधारी आहे, त्याच्या नातलगाविरुद्ध साक्ष देऊन गरिबाला त्याच गल्लीत परत झोपावयाचे असते. पोलिसांनी पंचनामा कितीही नीट केला, तरी त्या रात्रीच्या झोपेची हमी मिळाली नाही तर खटला कोसळतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांचे हक्क लिहिले गेले. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही राज्यांवर अशी योजना करण्याची जबाबदारी टाकली. कायद्यांची वाण नाही. वाण आहे ती वस्तीवर जाऊन साक्षीदाराला 'आम्ही आहोत' असे सांगणाऱ्या शिपायाची, आणि त्या शिपायाला राजकीय दबावापासून वाचविणाऱ्या व्यवस्थेची.

ही व्यवस्था कशी असावी हे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजीच सांगितले आहे. अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ असावा, तपास व बंदोबस्त ही कामे वेगळी असावीत, बदल्यांचा निर्णय मंडळाने करावा, आणि नागरिकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून यांपैकी काही गोष्टी कागदावर आणल्या. पण आपल्या गावातील किती जणांना तक्रार प्राधिकरणाचे नावही ठाऊक आहे? गणेशोत्सव, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा व निवडणूक यांच्या बंदोबस्तात अडकलेल्या शिपायाकडे तपासासाठी किती वेळ उरतो? सण आपण आनंदाने साजरा करतो तेव्हा त्याच्या घरी सण नसतो, हेही आपण विसरता कामा नये.

आपला वाटा

परिणामकारक पोलीसदलाच्या अटी या साऱ्या अनुभवांतून स्पष्ट होतात. दलात सर्व समाजांची, सर्व बोलींची माणसे आणि पुरेशा स्त्रिया असाव्यात. २००७ मध्ये भारताने लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने संपूर्ण महिलांचे पोलीस पथक पाठविले. जगातील ते तसे पहिलेच पथक होते. जे आपण सातासमुद्रांपलीकडे करू शकलो ते तालुक्याच्या ठाण्यातही शक्य आहे. शिपायाला पुरता पगार, नीट प्रशिक्षण व विश्रांती मिळावी. त्याच्या चुकीची चौकशी त्याच्याच साहेबाने करू नये. आणि त्याने राबवावयाचा कायदा न्याय्य असावा.

यांपैकी बऱ्याच गोष्टी शासनाच्या हाती आहेत. काही मात्र आपल्या हाती आहेत. आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली शिक्षक व परिचारिका होतात, याचा आपल्याला अभिमान आहे. पोलीस भरतीच्या मैदानावर ती किती दिसतात? 'आपली माणसे तेथे नाहीत' अशी तक्रार करणाऱ्या समाजाने आपली माणसे तेथे पाठविलीही पाहिजेत. आपल्या भागातील पोलीस पाटील कोण, महिला दक्षता समिती व शांतता समिती कधी बसते, तेथे आपल्या वतीने कोण बोलते, याची माहिती धर्मग्राम समितीने ठेवावी. एखादी गरीब स्त्री फिर्याद द्यावयास एकटी निघाली असेल तर तिच्यासोबत दोन जाणती माणसे जावीत. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे, वस्तीत कोणी साक्ष देण्यास उभा राहिला तर त्याला एकटे पडू देऊ नये. त्याची मजुरी तुटली तर त्याच्या चुलीची काळजी आपण वाहावी.

गडचिरोलीत जंगलातून बाहेर आलेला तरुण आज ज्या ठाण्यात नोंद करून घेतो आहे, त्याच ठाण्यात पाच वर्षांनी तो किंवा त्याची बहीण निर्भयपणे तक्रार घेऊन जाते का, यावर तेथील शांतता जोखावी लागेल. श्रीरामपूर, नेवासे वा जामखेडच्या ठाण्यालाही हीच कसोटी लागू आहे. ज्याच्यामागे ना पैसा, ना पुढारी, ना संख्याबळ, असा माणूस तेथे पायरी चढून जातो आणि त्याची फिर्याद लिहून घेतली जाते, की त्याला दारातूनच परत पाठविले जाते? आपापल्या तालुक्यापुरते याचे उत्तर प्रत्येक वाचकाने प्रामाणिकपणे शोधावे.